कावीळ गेली, तांबे राहिले

मुलांमधील ‘विल्सन आजार’ औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र तो वेळेवर ओळखला जायला हवा, आणि ओळखायचा तर आधी तो कोणाच्या तरी मनात यायला हवा.

पावसाळा सुरू झाला की मुलांमध्ये काविळीचे प्रमाण वाढते. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू यांतील बहुतेकांच्या मुळाशी असतो. मूल काही दिवस मलूल राहते, जेवण नको म्हणते, लघवी गडद पिवळी होते. पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक मुले पूर्ववत खेळू लागतात. या काळात कोणी गावातल्या जाणकाराकडून कावीळ ‘उतरवून’ आणतात, कोणी गळ्यात माळ घालतात, कोणी झाडपाल्याचा रस देतात. कावीळ आपोआप ओसरणारच असते, पण श्रेय माळेला मिळते. त्यामुळे हा समज पिढ्यानपिढ्या टिकून राहिला आहे.

या गर्दीत एखादे मूल मात्र वेगळे असते. त्याची कावीळ लवकर हटत नाही, किंवा हटते आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा येते. पोट हळूहळू मोठे दिसू लागते, पायांवर सूज येते, नाकातून रक्त येते. घरचे पुन्हा माळ घालून आणतात. अशी दोन-तीन वर्षे निघून जातात आणि मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचते तेव्हा त्याचे यकृत आक्रसलेले, कठीण झालेले असते. त्याला नव्याने कोणताही संसर्ग झालेला नसतो. जन्मापासून त्याच्या यकृतात रोज थोडे थोडे तांबे साठत आलेले असते. या आनुवंशिक आजाराचे नाव विल्सन आजार.

हा दुर्मिळ आजार आहे. साधारण तीस हजार लोकांमागे एकाला तो असतो, असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. हेच प्रमाण इथे धरले तर एकट्या महाराष्ट्रात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण असायला हवेत. आनुवंशिक आजार म्हटला की ‘आता काही करता येणार नाही’ असे घरच्यांना वाटते. विल्सन आजार त्याला मोठा अपवाद आहे. वेळीच निदान झाले आणि औषधे नियमित घेतली, तर असे मूल शाळा-कॉलेज, नोकरी, संसार सगळे इतरांसारखे करू शकते. निदान झाले नाही तर हा आजार जीव घेतो.

तांब्याचा हिशेब

तांबे शरीराला लागतेच. रक्त तयार होणे, हाडांची बळकटी, मेंदूचे काम यांत त्याचा वाटा असतो. पण गरज अगदी थोडी असते. रोजच्या जेवणातून प्रौढ माणसाच्या पोटात एक ते दोन मिलिग्रॅम तांबे जाते. डाळी, तेलबिया, सुकामेवा, धान्ये, मांस अशा असंख्य पदार्थांत ते असते. शरीरात एकूण साठा असतो तो शंभर मिलिग्रॅमच्या आसपास.

आतड्यातून शोषलेले तांबे आधी यकृतात येते. यकृत त्याची दोन प्रकारे व्यवस्था लावते. काही तांबे ते ‘सेरुलोप्लाझ्मिन’ नावाच्या प्रथिनात बसवून रक्तात सोडते. उरलेले जास्तीचे तांबे पित्तातून आतड्यात टाकते आणि ते शौचावाटे बाहेर जाते. तांबे बाहेर टाकण्याचा शरीराचा हाच मुख्य मार्ग आहे.

ही दोन्ही कामे यकृताच्या पेशीतील एकच प्रथिन करते. ते प्रथिन बनवण्याचा आराखडा ‘एटीपी७बी’ या जनुकात असतो. तेराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९३ मध्ये सापडले. आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत अशा दोन्ही सदोष असतील, तर दोन्ही कामे अडतात. सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांबे नीट बसत नाही आणि पित्तातूनही ते बाहेर पडत नाही. आवक रोजची, जावक जवळजवळ बंद, अशी स्थिती होते. यकृताची कोठारे भरली की तांबे रक्तात सांडू लागते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंडे, हाडे येथे जाऊन बसते.

सॅम्युएल किन्नियर विल्सन यांनी लंडनमध्ये १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूची लक्षणे आणि यकृताचा सिऱ्होसिस एकाच रुग्णात कसे दिसतात, हे त्यांनी दाखवून दिले. तांब्याचा संबंध मात्र ठामपणे पुढे यायला १९४८ उजाडावे लागले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामीन हे तोंडाने घेण्याचे औषध आणले आणि तोवर हमखास मृत्यूकडे नेणारा आजार उपचाराच्या आवाक्यात आला. भारतातही त्याची नोंद नवी नाही. मुंबईतील दस्तूर, मंघानी आणि वाडिया या डॉक्टरांनी सोळा कुटुंबांतील रुग्णांचा अभ्यास १९६८ मध्येच प्रसिद्ध केला होता.

सोंगे अनेक

दोष जन्मापासून असला तरी लक्षणे दिसायला वर्षे लागतात. तीन वर्षांच्या आत मूल आजारी दिसणे विरळा. बहुतेक मुलांमध्ये पाच ते पंधरा या वयात यकृताच्या तक्रारी सुरू होतात, तर मेंदूची लक्षणे बहुधा त्यानंतर, किशोरवयात किंवा विशीत दिसतात.

यकृताचा त्रास कोणत्याही रूपात येऊ शकतो. एखाद्या मुलाच्या दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले आढळते आणि मूल पूर्ण ठणठणीत असते. एखाद्याला साध्या काविळीसारखी कावीळ होते. एखाद्याचे पोट पाण्याने भरते, पाणथरी म्हणजे प्लीहा वाढते, रक्ताच्या उलट्या होतात. काही मुलांमध्ये मात्र अवघ्या काही दिवसांत यकृत बंद पडते. अशा वेळी तांबे एकदम रक्तात येऊन तांबड्या पेशी फोडते. कावीळ झपाट्याने चढते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते, लघवी गडद होते. काविळीच्या मुलाचे रक्त अचानक कमी झाले तर डॉक्टरांनी विल्सनचा विचार त्याच दिवशी करावा लागतो.

मेंदूची लक्षणे घरापेक्षा शाळेत आधी लक्षात येतात. सुवाच्य अक्षर असणाऱ्या मुलाची शिरोरेघ वाकडी जाऊ लागते, अक्षर बारीक किंवा थरथरते होते, पेपर वेळेत पुरा होत नाही. बोलणे जड, अस्पष्ट होते. तोंडातून लाळ गळते. हात कापतात, मान किंवा हातपाय पिळवटल्यासारखे होतात. मूल चिडचिडे होते, विनाकारण रडते-हसते, अभ्यासात घसरते. ‘वयाचा परिणाम’, ‘मोबाइलचा परिणाम’, ‘बाहेरची बाधा’ असे अर्थ लावण्यात महिने जातात.

भारतातील रुग्णांत हाडांची लक्षणेही ठळकपणे नोंदली गेली आहेत. गुडघे आत वळणे, मुडदुसासारखे बदल, सांधेदुखी यांवर वर्षभर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देऊनही फरक पडत नाही, तेव्हा तांब्याकडे पाहावे लागते.

अलीकडे आणखी एक फसवे रूप समोर येते. वजन जास्त असलेल्या मुलांच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा सर्रास दिसतो. व्यायाम करा, वजन उतरवा, असा सल्ला मिळतो आणि तो बहुतेकांसाठी योग्यच असतो. पण विल्सन आजारात सुरुवातीच्या काळात यकृतात चरबीच साठलेली दिसते. म्हणून मूल बारीक असूनही यकृतात चरबी असेल, किंवा वजन उतरूनही एसजीपीटी खाली येत नसेल, तर शोध तिथेच थांबवता येत नाही. तसेच शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’चे सोंगही हा आजार घेतो. स्टेरॉइड देऊनही यकृत सुधारत नसेल तर तांब्याच्या चाचण्या करून घ्यायलाच हव्यात.

एका चाचणीने भागत नाही

विल्सन आजाराचे निदान पालकांना गोंधळात टाकते. ‘एक रक्ताची चाचणी करा आणि हो की नाही ते सांगा,’ अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. पण या आजारात एकटीच्या बळावर नेहमी निकाल देईल अशी साधी चाचणी नाही. अनेक अर्धे पुरावे जमवून निर्णय करावा लागतो.

पहिला पुरावा सेरुलोप्लाझ्मिनचा. रक्तातील याचे प्रमाण साधारणपणे डेसिलिटरला २० ते ४० मिलिग्रॅम असते. ते १० पेक्षा कमी आले तर संशय बळावतो. पण अडचणी इथूनच सुरू होतात. शरीरात कुठेही दाह किंवा संसर्ग असला की हे प्रथिन वाढते, त्यामुळे आजारी मुलाचा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. उलट कुपोषण, लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार, किंवा कोणत्याही कारणाने यकृत निकामी होणे यांत तो कमी येतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या निरोगी माणसांतही काही वेळा तो कमी असतो. तान्ह्या बाळांत तर तो मुळातच कमी असतो. १० ते २० मधला आकडा म्हणूनच प्रश्न सोडवत नाही, वाढवतो.

याहून चक्रावणारा असतो रक्तातील तांब्याचा रिपोर्ट. तांबे साठण्याचा आजार म्हणायचा आणि रिपोर्टमध्ये तांबे ‘कमी’! पालकच काय, काही वेळा डॉक्टरही इथे फसतात. कारण सोपे आहे. रक्तातील बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिनवर स्वार होऊन फिरते. वाहनच कमी, म्हणून प्रवासीही कमी मोजले जातात. साठा असतो तो यकृतात, रक्ताच्या नमुन्यात नव्हे. अशा रिपोर्टवर विसंबून ‘विल्सन नाही’ म्हणणे किंवा तांब्याचे टॉनिक देणे धोक्याचे आहे.

दुसरा पुरावा डोळ्यांत मिळतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरात, कडेने तपकिरी-सोनेरी कडे दिसते. त्याचे वर्णन कायझर आणि फ्लायशर यांनी १९०२ आणि १९०३ मध्ये केले, म्हणून ते ‘कायझर-फ्लायशर कडे’. आपल्याकडे डोळे गडद तपकिरी असल्याने नुसत्या नजरेला ते सहसा दिसत नाही. नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पखाली पाहावे लागते. ही तपासणी काही मिनिटांची आणि न दुखणारी आहे. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक सर्व रुग्णांत हे कडे सापडते. पण फक्त यकृताचा आजार असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत ते नसते आणि लहान मुलांत तर आणखी कमी वेळा दिसते. डोळे स्वच्छ आहेत, म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

तिसरा पुरावा चोवीस तासांच्या लघवीतील तांब्याचा. ही चाचणी मोलाची आहे, आणि नेमक्या याच चाचणीत घरच्यांकडून नकळत चुका होतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी गोळा करायची, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली लघवी त्यात मिळवून संग्रह पुरा करायचा. डबा प्रयोगशाळेने दिलेला, तांब्याचा अंश नसलेलाच वापरायचा. घरचे धातूचे भांडे मध्ये आणायचे नाही. मूल शाळेत गेले आणि दोन वेळची लघवी तिथेच झाली तर आकडा खोटा येतो. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी करावे. निरोगी मुलात हे तांबे सहसा ४० मायक्रोग्रॅमच्या आत असते. १०० च्या वर गेले तर पुरावा भक्कम होतो. मधल्या आकड्यांना मुलांमध्ये दुर्लक्षून चालत नाही.

चौथा पुरावा थेट यकृतातून. सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून त्यातील तांबे मोजता येते. सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण नेहमीचे मानतात. २५० च्या वर गेल्यास विल्सनची शक्यता मोठी असते. पण रक्त गोठत नसेल किंवा पोटात पाणी असेल तर ही सुई घालणे जोखमीचे ठरते. शिवाय यकृतात तांबे सगळीकडे सारखे साठत नाही, त्यामुळे तुकडा कुठला आला यावरही आकडा ठरतो.

पाचवा पुरावा जनुकाचा. दोन्ही प्रतींत दोष सापडले तर निदान पक्के होते. मात्र या जनुकात शेकडो प्रकारचे दोष जगभर नोंदले गेले आहेत. भारतात त्यांपैकी एखादाच दोष बहुसंख्य रुग्णांत सापडतो, असे नाही. म्हणून सगळे जनुक वाचावे लागते, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. कधी कधी एकच दोष सापडतो आणि दुसरा हाती लागत नाही.

या अर्ध्या पुराव्यांची बेरीज करण्यासाठी २००१ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे तज्ज्ञांनी गुणपद्धती ठरवली. समजा, दहा वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा कावीळ झाली आहे. डोळ्यांत कडे नाही, म्हणून शून्य गुण. सेरुलोप्लाझ्मिन १४, म्हणून एक. लघवीतील तांबे ९०, म्हणजे ४० या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, म्हणून दोन. बेरीज झाली तीन. चार किंवा अधिक गुण झाले तर निदान पक्के धरतात. तीन गुणांवर ‘शक्यता आहे, पुढे तपासा’ एवढेच म्हणता येते. आता जनुक तपासणी किंवा यकृताचा तुकडा कामाला येतो. जनुकात दोन्ही दोष सापडले तर त्याचेच चार गुण मिळतात. अशा मुलीला तीन गुणांवर ‘आजार नाही’ सांगून घरी पाठवले, तर पुढची कावीळ तिला शेवटची ठरू शकते.

मुलाचे यकृत वेगाने निकामी होत असेल तर या सगळ्या रिपोर्टांची वाट पाहायला वेळ नसतो. तेव्हा काही साध्या खुणा मदतीला येतात. कावीळ तीव्र, पण एसजीओटी-एसजीपीटी विषाणूच्या काविळीसारखे हजारोंच्या घरात नाहीत. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. अल्कलाइन फॉस्फटेज विलक्षण कमी. रक्त फुटते आहे, पण कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह. असे चित्र दिसले की मुलाला यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्रात तातडीने हलवावे लागते, कारण या टप्प्यावर नुसत्या औषधांनी मूल वाचण्याची शक्यता फार थोडी असते.

एक सापडला, आता भावंडे

आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे, म्हणजे वाहक असतात. त्यांना स्वतःला कोणताही त्रास नसतो. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मुलगा असो वा मुलगी, फरक पडत नाही. ‘एकाला झाला, आता बाकीचे तिघे सुटले,’ असा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक बाळाच्या वेळी फासा नव्याने पडतो.

म्हणून एका मुलाचे निदान झाले की सर्व सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात ठरवली पाहिजे. ती खेळत-बागडत असली तरीही. यकृताच्या चाचण्या, सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतील तांबे, स्लिट लॅम्प हे सगळे करावे. आजारी मुलाच्या जनुकातील दोष माहीत असतील तर काम सोपे होते, भावंडात नेमके तेवढेच दोष शोधायचे असतात. लक्षणे दिसण्याआधी सापडलेल्या भावंडाला लगेच औषध सुरू केले, तर त्याचे यकृत आणि मेंदू सुरक्षित राहू शकतात. या आजारात डॉक्टरच्या हाती याहून मोठे यश नाही.

इतिहास विचारतानाही एक प्रश्न कधी चुकवू नये. ‘आधीचे एखादे मूल काविळीने गेले होते का?’ पुष्कळदा उत्तर ‘हो’ असते, आणि ते सांगायला घरच्यांना कोणी विचारलेलेच नसते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची रीत आहे. एकाच पूर्वजाकडून आलेले सदोष जनुक नवरा-बायको दोघांकडेही असण्याची शक्यता अशा घरांत वाढते. यात कोणाचा दोष नसतो, आईचा तर नसतोच. सुनेला बोल लावणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगावे.

तांब्याच्या भांड्याचे काय?

निदान सांगितल्यावर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आम्ही तांब्याच्या कळशीतले पाणी पितो, त्यामुळे झाले का?’ नाही. विल्सन आजार भांड्यामुळे होत नाही. पण भांड्याचा प्रश्न अगदीच निराधारही नाही, आणि त्याचे उत्तर पुण्याशी जोडलेले आहे.

गेल्या शतकात भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या अनेक मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. त्याला ‘भारतीय बालयकृत सिऱ्होसिस’ म्हणत. पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे आणि मूल काही महिन्यांत दगावे. एकाच घरातली दोन-दोन भावंडे जात, म्हणून तो आनुवंशिक असावा असा कयास होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या दुधाच्या भांड्यांकडे लक्ष दिले. गाई-म्हशीचे वरचे दूध बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून, ठेवून बाळांना पाजले जात होते. अशा भांड्यात ताक कळकते, हे घरोघरी माहीत होते. दूध कळकल्यासारखे लागत नाही, पण त्यातही तांबे उतरत होते. हे निरीक्षण १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनपान आणि स्टीलची भांडी यांचा प्रसार झाला तसा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही अगदी असेच घडले होते. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे अशाच आजाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

त्या मुलांत सेरुलोप्लाझ्मिन कमी नसे. दोष मुख्यतः बाहेरून येणाऱ्या तांब्यात होता. विल्सनमध्ये तो तांबे बाहेर टाकण्यात असतो. त्यामुळे निरोगी प्रौढाने तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायले तर त्याला विल्सन होणार नाही. पण विल्सनच्या रुग्णासाठी तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी आणि बिनकल्हईच्या भांड्यातले अन्न पूर्ण बंद ठेवावे. बाळाचे दूधही अशा भांड्यात तापवू नये, घरात कोणालाही आजार नसला तरी.

गोळ्या आयुष्यभर

उपचारांची दोन मुख्य हत्यारे आहेत. पेनिसिलामीन किंवा ट्रायएन्टीन ही औषधे साठलेल्या तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतात. जस्ताची औषधे आतड्यातच तांब्याची वाट अडवतात. लक्षणे नसलेल्या भावंडांसाठी आणि साठा कमी झाल्यावर पुढच्या काळासाठी जस्ताचा चांगला उपयोग होतो. पेनिसिलामीन रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी द्यायचे असते आणि सोबत ‘ब-६’ जीवनसत्त्व लागते. अंगावर पुरळ, लघवीतून प्रथिने जाणे, रक्तपेशी कमी होणे असे त्याचे दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून ठरलेल्या तपासण्या टाळू नयेत. मेंदूची लक्षणे असलेल्या काही रुग्णांत औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्रास वाढतो. डोस हळूहळू वाढवला जातो तो याचसाठी. पहिल्या वर्षात प्राण्यांची कलेजी, शिंपले-कालवांसारखे पदार्थ, सुकामेवा, चॉकलेट आणि अळिंबी टाळायला सांगतात. पथ्य हा औषधाला पर्याय मात्र नाही.

सुधारणा दिसायला महिने लागतात. मग एक दिवस मूल इतके बरे होते की गोळ्या कशासाठी, असा प्रश्न पडतो. या आजारात सर्वांत जास्त घात इथे होतो. औषध बंद केल्यावर काही महिने काहीच होत नाही, आणि त्यानंतर यकृत अचानक कोसळते. वसतिगृहात राहायला गेलेला मुलगा गोळ्या घ्यायच्या सोडतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या गोळ्या सासरी कळू नयेत म्हणून घरचेच बंद करतात. गरोदरपणात बाळाच्या काळजीने औषध थांबवले जाते. वास्तविक गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस ठरवून औषध चालू ठेवायचे असते. आणि रुग्णाच्या अपत्याला हा आजार होण्याची शक्यता, जोडीदार नात्यातला नसेल तर, साधारण दोनशेत एक एवढीच असते. हे आकडे लग्नाआधी दोन्ही घरांसमोर मोकळेपणाने ठेवले, तर लपवाछपवीची वेळ येत नाही.

संशय कोणी घ्यायचा?

सुरुवातीला लागणारी बरीचशी साधने दूर नाहीत. यकृताच्या चाचण्या सरकारी रुग्णालयांत होतात, स्लिट लॅम्प जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात असतो. सेरुलोप्लाझ्मिन आणि लघवीतील तांबे यांचे नमुने बहुधा बाहेर पाठवावे लागतात, पण ते पाठवता येतात. कमतरता असते ती संशयाची. हिपॅटायटिस ‘ए’ एकदा पूर्ण बरा झाला की पुन्हा होत नाही. म्हणून वर्षानंतर आलेली दुसरी कावीळ, दोन महिन्यांहून लांबलेली कावीळ, काविळीबरोबर वाढलेली पाणथरी किंवा पोटातले पाणी, भावंडाचा काविळीने झालेला मृत्यू, बिघडत गेलेले अक्षर आणि गळणारी लाळ यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ‘विल्सन तपासला का?’ हा प्रश्न पालकांनीही विचारायला हरकत नाही. शाळेत अक्षराचा बदल पहिल्यांदा शिक्षकांना दिसतो. त्यांनी तो पालकांच्या आणि आरोग्य तपासणीसाठी येणाऱ्या पथकाच्या कानावर घालावा.

आणि मुलाला कधीही कावीळ झाली असेल तर त्या वेळचे रिपोर्ट टाकून देऊ नयेत. कावीळ ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांनी यकृताच्या चाचण्या पुन्हा एकदा करून घ्याव्यात आणि तो कागदही आधीच्या कागदाला जोडून ठेवावा. डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी एसजीपीटी चढेच राहिले आहे, हे त्या दुसऱ्या कागदावरच दिसते.